नवापूरला निघालेल्या भाचीला

नर्सिंग पास झालीस आणि नवापूरकडच्या मिशन दवाखान्यात रुजू होणार आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. ती म्हणाली, ताई, पोरीला चार गोष्टी सांग. म्हणून लिहिते आहे.

तिकडे मावची आणि भिल्ल माणसं. तू नगरकडची मराठी बोलणारी, मिशन कंपाउंडात वाढलेली. त्यांच्या लेखी तू परकीच, आणि ख्रिस्ती असलीस म्हणून तिथल्या ख्रिस्ती घरांतही आपोआप आपली होणार नाहीस. याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

लूकचा दहावा अध्याय पुन्हा एकदा वाच. प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठवताना जो क्रम सांगितला तो बघ. पुढ्यात वाढतील ते खा, आजाऱ्यांना बरं करा, आणि मग देवाच्या राज्याचं बोला. आपल्याकडे पुष्कळांना तिसऱ्यापासून सुरुवात करायची घाई असते. तू आधी पंक्तीला बस. भाकर-डाळ असो की नुसती मिरची, ताट परत करू नकोस. पाण्याची शंका वाटली तर चहा मागावा, तो उकळलेला असतो. मोहाची दारू पुढे आली तर हात जोडून नको म्हण आणि तिथेच गप्प बस. व्यसनमुक्तीचं भाषण त्या दिवशी नको. त्यांच्या पूजेतही ती असते, त्यांच्या पाहुणचारातही असते.

गावाला काय येतं हे विचारणं आपल्या लोकांना जड जातं, कारण आपण द्यायला गेलेले असतो ना! जामखेडचं काम बघ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे गेले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाया खेड्यांत ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग गावानेच निवडलेल्या बाया आरोग्यसेविका म्हणून घेतल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. शिकायला जामखेडला आल्या की एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, आणि रात्री सगळ्यांना मिळून एक मोठी गोधडी. बोअरवेल घ्यायची तर ती दलित वस्तीत, म्हणजे पाण्याला सगळ्यांनी तिकडे यायचं. 1971 मध्ये त्या गावांत हजारी 176 तान्ही मुलं दगावत होती. पाचेक वर्षांत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. औषधं तर होतीच, पण माझ्या मते त्या गोधडीचा वाटा मोठा आहे. सवर्ण बाईला दलित सेविकेच्या हातून बाळंतपण करून घ्यायचं तर त्याआधी बरंच काही मोडावं लागतं, आणि ते फलकावर लिहून मोडत नाही.

आता वॉर्डातलं. ‘समजलं का?’ असं कधी विचारू नकोस. समोरची बाई ‘हो’च म्हणणार, तुझा मान ठेवायला. त्याऐवजी विचार, ‘घरी गेल्यावर सासूला काय सांगशील? गोळी कधी घ्यायची म्हणशील?’ तिच्या तोंडून आलं की कळेल तू काय सांगितलंस ते. दुभाषी लागला तर वॉर्डातली जुनी आया बघ, पेशंटच्या पोराला उभं करू नकोस. अंगावरून पांढरं जातं हे बाई दहा वर्षांच्या मुलासमोर कशी बोलेल? आणि बोलताना बघायचं बाईकडे, आयाकडे नाही.

त्या पट्ट्यात सिकलसेल खूप. पोरगं हातपाय दुखून रडतं, डोळे पिवळे, आणि घरात बोट सुनेकडे. नवरा-सासूला बसवून सांग की दोष आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही मिळाले तरच हा आजार होतो. हे एकदा सांगून भागत नाही. पाणी भरपूर पाजायचं, थंडीत ऊब ठेवायची, ताप आला की थांबायचं नाही, हेही त्याच बैठकीत.

साप चावला की माणसं आधी भगताकडे जातात. त्याला नावं ठेवून उपयोग नाही. त्याच्या अंगणात जाऊन बस, ओळख कर. म्हणावं, बाबा, तुमचं काय ते गाडी येईपर्यंत करा, पण पाय आवळून बांधू नका, चिरू नका, आणि पेशंट आमच्याकडे पाठवा. विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच आहे. मंडळीत कुणी नाक मुरडेल. मुरडू दे.

प्रार्थनेचं जरा खोलात सांगते. पेशंटला विचारल्याशिवाय त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करू नकोस, आणि विचारताना ‘नको’ म्हणायची वाट खुली ठेव. औषध हातात धरून तर मुळीच विचारू नकोस. गरजू माणूस तेव्हा नाही म्हणू शकत नाही. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत पेशंटचं नाव-गाव घेऊन ‘या बहिणीच्या गर्भाशयासाठी’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. सगळं प्रेमाने, पण संध्याकाळपर्यंत गोष्ट बाजारात पोचलेली असते. देवाला नाव ठाऊक आहे, सभेला सांगायची गरज नाही. फोटोचं तेच. देणगीदारांच्या पत्रकासाठी हाडं निघालेल्या मुलाचा फोटो मागतील. आईला विचारा म्हणावं, आणि तिला कळेल अशा भाषेत विचारा.

आठवड्याचा एक दिवस ड्युटी नाही म्हणजे नाही. झोप, कपडे धू, आईला फोन कर. थकलेली नर्स पेशंटवर खेकसते, मग तिने कितीही स्तोत्रं गायिली तरी लोकांच्या लक्षात खेकसणंच राहतं.

आणि रजा काढताना एक बघ. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं. टीबीचा पेशंट जाणार असेल तर आधीच विचार, कुठल्या भागात, कोणत्या मुकादमाबरोबर, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी व पुरतील इतक्या गोळ्या बरोबर दे. सहा महिन्यांचं औषध मधेच सुटतं ते याच दिवसांत. होळीला मात्र माणसं कुठूनही गावी परततात. तिकडे तो सण दिवाळीहून मोठा. म्हणून होळीला घरी येऊ नकोस. लशींची वही आणि टीबीची यादी घेऊन त्या आठवड्यात पाड्यांवर फिर. आईला मी सांगते, ईस्टरला येशील म्हणून.