प्रबोधिनी सोडण्याचा निर्णय: दोन प्रश्नांची गल्लत

पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील, म्हणजे एनडीएतील, प्रशिक्षण अर्धवट सोडून वित्तक्षेत्राकडे वळावे का, असा विचार ज्या छात्राच्या मनात येतो, त्याच्यापुढे वस्तुतः दोन स्वतंत्र प्रश्न उभे असतात आणि ते दोन्ही एकच आहेत असे धरून चालण्यात पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ असते. लष्करी जीवन आपल्याला नको आहे का, हा पहिला प्रश्न. आणि लेखापरीक्षण, बँकिंग, भांडवल बाजार किंवा कंपन्यांचे मूल्यांकन यांसारखे काम आपल्याला खरोखरच हवे आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ ठरत नाही; परंतु ‘मला येथे राहायचे नाही’ हे वाक्य घरी, मित्रांत आणि स्वतःपाशीही उच्चारणे जड जाते, तर ‘मला वित्तक्षेत्रात जायचे आहे’ हे वाक्य महत्त्वाकांक्षेचे वाटते, आणि म्हणून पहिल्या वाक्याला दुसऱ्याचा पोशाख चढवला जातो. प्रस्तुत लेखकाने वयाच्या विसाव्या वर्षी, चौथ्या सत्रात, नेमके हेच केले. पुढे तो वित्तक्षेत्रातच स्थिरावला आणि ते काम त्याला आवडतेही. तरीसुद्धा निर्णयाचा शेवट बरा झाला म्हणजे निर्णयाची पद्धत बरोबर होती असे मानणे त्याला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, आणि हे विवेचन त्या पद्धतीतील चुकांविषयी आहे.

प्रबोधिनीतील प्रवेश संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होतो. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयोगटातील उमेदवार ९०० गुणांची लेखी परीक्षा देतात, त्यात उत्तीर्ण झालेल्यांची सेवा निवड मंडळ, म्हणजे एसएसबी, पाच दिवस मुलाखत व चाचण्या घेते आणि तिलाही ९०० गुण असतात. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत प्रत्येक वेळी जागा सुमारे चारशे असतात. निवड झाल्यावर सहा सत्रांचे, म्हणजे तीन वर्षांचे, प्रशिक्षण खडकवासल्याला होते, त्याच्या अखेरीस जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते, आणि त्यानंतर छात्र आपापल्या सेवेच्या प्रबोधिनीत, उदाहरणार्थ भूदलाचा छात्र देहरादूनच्या भारतीय सैन्य प्रबोधिनीत, पुढील प्रशिक्षणासाठी जातो. तेथे त्याला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. हा क्रम येथे मुद्दाम सांगितला आहे, कारण सोडण्याच्या निर्णयाचा सारा हिशेब पदवी केव्हा हाती येते आणि देणे केव्हापासून वाढू लागते या दोन गोष्टींभोवती फिरतो.

देणे पहिल्या दिवसापासून वाढू लागते. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून बंधपत्र, म्हणजे बोलीभाषेतील बॉण्ड, लिहून घेतले जाते. छात्राच्या स्वतःच्या नियंत्रणातील कारणामुळे त्याने अभ्यासक्रम मध्येच सोडला किंवा देऊ केलेले कमिशन, म्हणजे अधिकारपद, नाकारले, तर त्याच्या शिक्षणावर, अन्नावर, कपड्यांवर आणि वेतनभत्त्यांवर झालेला खर्च शासन ठरवील त्या प्रमाणात परत करण्याची जबाबदारी त्यात स्वीकारलेली असते. या विषयावर इंग्रजीत जे साहित्य सहज हाती लागते ते बहुतांशी अमेरिकेतील वेस्ट पॉइंटसारख्या प्रबोधिनींना समोर ठेवून लिहिलेले असल्यामुळे येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तेथे पहिली दोन वर्षे छात्राला सेवेचे बंधन न स्वीकारता बाहेर पडता येते, तिसऱ्या वर्षाच्या आरंभी तो बांधिलकी स्वीकारतो आणि पदवीनंतर किमान पाच वर्षे प्रत्यक्ष सेवा करतो. ‘दोन वर्षे पाहा आणि मग ठरवा’ हा सल्ला त्या व्यवस्थेत शहाणपणाचा आहे. भारतीय छात्राने तो जसाच्या तसा उचलला, तर ज्याला तो मोकळा काळ समजतो त्या काळातच त्याच्या वडिलांच्या नावावर रक्कम साचत जाते.

यातून निघणारा निष्कर्ष काहीसा अप्रिय आहे. भारतीय व्यवस्थेत बाहेर पडण्याचा सर्वांत महाग काळ म्हणजे चौथे आणि पाचवे सत्र, कारण तोवर परतफेडीची रक्कम मोठी झालेली असते, समवयस्क मित्र महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाजवळ पोहोचलेले असतात आणि हातात पदवी मात्र नसते. आणि दुर्दैवाने याच काळात शंका सर्वांत प्रबळ होतात, कारण पहिल्या सत्रांतील धावपळ थोडी निवळून विचार करायला प्रथमच उसंत मिळते. ज्याची खात्री पहिल्या सत्रातच झाली आहे त्याने लाजेखातर पुढे रेटत राहू नये. ‘इतके सोसले, आता कसे सोडायचे’ या विचाराला अर्थशास्त्रात बुडीत खर्चाचा मोह म्हणतात, म्हणजे जे परत मिळणारच नाही त्याकडे पाहून पुढचे ठरवणे. मात्र ज्याची दोनच सत्रे उरली आहेत त्याने पदवीचे मूल्य बुडीत खर्चात धरू नये. ती अजून मिळायची आहे, आणि ती हातून जाऊ देणे हा संधित्यागाचा खर्च, म्हणजे एक वाट धरल्यामुळे दुसऱ्या वाटेवरच्या ज्या लाभावर पाणी सोडावे लागते तो, ठरतो. प्रस्तुत लेखकाने हे दोन खर्च एकमेकांत मिसळले. विसाव्या वर्षी तो वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसला, आणि अवघ्या दोन सत्रांनी मिळू शकणारी पदवी त्याला आणखी तीन वर्षे दूर गेली. केवळ पदवीसाठी थांबायचे आणि नंतर कमिशन नाकारायचे, हा तिसरा मार्ग मात्र तो कोणालाही सुचवणार नाही, कारण त्यात देणे तर वाढतेच, शिवाय ज्या जागेवर गुणवत्ता यादीतील पुढचा मुलगा किंवा, २०२२ पासून, मुलगीही येऊ शकली असती, ती जागा जाणूनबुजून अडवली जाते.

शंका आणि थकवा यांतील भेद ओळखणे हे या निर्णयातील सर्वांत कठीण काम आहे. प्रबोधिनीतील दिनक्रम झोप कमी आणि शरीरकष्ट जास्त अशा बेताने आखलेला असतो. शिक्षेदाखल होणारा रगडा, ड्रिल स्क्वेअरवरील तासन्‌तास, ग्रीनहॉर्न, रोव्हर आणि तोरणा ही शिबिरे, आणि एखाद्या चाचणीत कमी पडल्यास रेलिगेशनची, म्हणजे तेच सत्र पुन्हा करावे लागण्याची, टांगती भीती यांमुळे कोणत्याही छात्राला काही आठवडे असे येतात की बाहेरचे कोणतेही जीवन त्याला सुखाचे वाटू लागते. अशा आठवड्यात रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या केलेला विचार हा विचार नसून विश्रांतीची मागणी असते. उपाय साधा आहे, पण तो काटेकोरपणे पाळावा लागतो: सत्र चालू असताना अर्ज लिहू नये, सत्राअखेरच्या सुट्टीत घरी यावे, पहिला आठवडा केवळ झोपेत जाऊ द्यावा आणि त्यानंतरही तीच इच्छा तितक्याच शांतपणे टिकून राहते का हे पाहावे. चौथ्या सत्रात गुडघा दुखावलेला असताना आणि रेलिगेशनची चर्चा कानावर आलेली असताना प्रस्तुत लेखकाने अर्ज लिहिला, आणि त्या अर्जातील ‘वित्तक्षेत्रातील दीर्घकालीन ध्येय’ हे शब्द लिहीपर्यंत त्याने एकाही कंपनीचा ताळेबंद वाचलेला नव्हता.

दुसरा प्रश्न तपासण्याचे मार्ग सुट्टीच्या महिन्याभरातही उपलब्ध असतात, आणि त्यांना खर्चही फारसा लागत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह विवरण यांचा परस्परसंबंध स्वतः लावून पाहावा, म्हणजे नफा दिसत असूनही रोकड का आटली, उधारीची वसुली कोठे अडली, अशा प्रश्नांच्या मागे लागावे. तिसऱ्या दिवशीही ते काम ओढ लावत असेल तर ती खूण महत्त्वाची आहे. भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने स्थापन केलेल्या आणि रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला परिसर असलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या, म्हणजे एनआयएसएमच्या, प्राथमिक परीक्षांचा अभ्यासही असाच कस लावतो. याउलट, चित्रपटांतून दिसणाऱ्या काचेच्या कार्यालयांवरून या व्यवसायाची कल्पना करणे म्हणजे २६ जानेवारीचे संचलन पाहून पायदळाची कल्पना करण्यासारखे आहे. गुंतवणूक बँकेतील, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारणीत आणि विलीनीकरणात साहाय्य करणाऱ्या संस्थेतील, नवख्या कर्मचाऱ्याचा दिवस एक्सेलच्या तक्त्यांत आणि सादरीकरणातील आकडे जुळवण्यात जातो. लेखापरीक्षकाचा दिवस पावत्या, साठा आणि नोंदी तपासण्यात जातो. तेथेही वरिष्ठ असतात, रात्री असतात आणि चुकीची किंमत असते. शिस्तीला कंटाळून जो येथे येईल त्याची निराशा होईल.

प्रवेशाच्या वाटाही पदवीशी बांधलेल्या आहेत, ही गोष्ट खडकवासल्यात बसून लक्षात येत नाही. सीए, म्हणजे सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम, बारावीनंतर फाउंडेशन परीक्षेने सुरू करता येतो, परंतु वाणिज्येतर पदवीधराला ६० टक्के गुण असल्यास ती परीक्षा न देता थेट पुढच्या टप्प्यावर प्रवेश मिळू शकतो; त्यातील आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखाली करावयाची उमेदवारी, पूर्वी तीन वर्षांची होती आणि २०२३ च्या नव्या योजनेनुसार ती दोन वर्षांची झाली. गुंतवणूक विश्लेषकांसाठीच्या सीएफए परीक्षेच्या पहिल्या पातळीला विद्यार्थीदशेत बसायचे तर पदवी २३ महिन्यांच्या आत पूर्ण होणारी असावी लागते. व्यवस्थापन संस्थांच्या कॅट परीक्षेलाही पदवी किंवा तिचे अंतिम वर्ष लागते. थोडक्यात, पदवीविना बाहेर पडलेल्या छात्राला यांपैकी बहुतेक दारांपुढे रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते.

सेवा करून मग वित्तक्षेत्रात येणे ही वाटही खुली आहे, परंतु तिचे वर्णन करताना उत्साह आवरला पाहिजे. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी पुनर्वसन महासंचालनालयाच्या साहाय्याने आयआयएममध्ये सहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालतात, आणि माणसे हाताळण्याचा त्यांचा अनुभव बँकांना व कंपन्यांना उपयोगी पडतो. तथापि एनडीएतून मिळते ते स्थायी कमिशन. त्यातून मुदतीपूर्वी मुक्त होणे हा अधिकाऱ्याचा हक्क नसून ती शासनाने द्यायची परवानगी असते, आणि निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची सेवा लागते. ‘पाच वर्षे सेवा, मग एमबीए’ असे वेळापत्रक मनात धरून जो थांबतो तो स्वतःची फसवणूक करतो. ज्याला दहा वर्षे गणवेश आणि नंतर वेगळा व्यवसाय असेच आयुष्य हवे आहे, त्याच्यासाठी पदवीनंतरचे अल्पसेवा कमिशन ही अधिक सरळ व्यवस्था आहे.

या सर्वांहून अधिक तळमळीने सांगावीशी वाटते ती गोष्ट घराविषयीची आहे. निवड झाली की गावाच्या चौकात अभिनंदनाचा फलक लागतो, शाळेत सत्कार होतो, आणि त्या फलकामुळे मुलाला घरी खरे बोलणे अशक्य वाटू लागते. परंतु बंधपत्रावर सही पालकांची असते. म्हणून अर्ज देण्यापूर्वी पहिले बोलणे त्यांच्याशी झाले पाहिजे, आणि ते बोलणे भावनांच्या आधी आकड्यांचे असले पाहिजे: आजपर्यंतची रक्कम किती, ती कोठून भरायची, धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचे काय. प्रस्तुत लेखकाने अर्ज आधी दिला आणि घरी नंतर कळवले. वडिलांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली आणि बहिणीचे वसतिगृहात राहून शिकणे एक वर्ष पुढे गेले, ही गोष्ट त्याला पुष्कळ उशिरा, आणि तीही बहिणीकडून, समजली.

जाण्याचा निर्णय पूर्ण विचारांती झालाच, तर निघण्यापूर्वी कागद जमवावेत. प्रत्येक सत्राचे गुणपत्रक, वैद्यकीय नोंदींच्या प्रती आणि रक्कम भरल्याच्या पावत्या हाती घ्याव्यात, तसेच बाहेर पडण्याचे कारण नेमक्या शब्दांत लिहिलेला आदेश मागून घ्यावा. स्वेच्छेने सोडणे आणि शिस्तभंगामुळे काढले जाणे यांत मोठा फरक आहे, आणि सैन्यदलांच्या पुढील परीक्षांच्या अधिसूचनांमध्ये पूर्वी प्रबोधिनी सोडलेल्या उमेदवारांविषयी स्वतंत्र अटी असतात. नोकरीच्या मुलाखतीत प्रबोधिनीतील त्या दोन वर्षांविषयी हमखास विचारले जाते. तेव्हा समोरच्या माणसाला कागद दाखवता यावा, आणि त्या कागदावरचे कारण व तोंडचे कारण एकच असावे.