पौरुषग्रंथीचा कर्करोग : वृद्धिघटकांचे संकेत आणि आपली जबाबदारी

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या ५८ व्या अध्यायात मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाताष्ठीलेचे वर्णन वाचताना पौरुषग्रंथीच्या वृद्धीची आठवण होते. तथापि प्रत्येक वृद्धी सौम्य नसते, हे आम्ही एका रुग्णाकडून शिकलो. लातूरजवळच्या खेड्यातील, साठी ओलांडलेले हे शेतकरी मूत्रप्रवृत्तीच्या तक्रारीसाठी आले. गोक्षुरादि गुग्गुळ व चंद्रप्रभा वटीने त्यांना उपशय मिळाला. पुढे कंबर दुखू लागली. आम्ही तो कटिशूल समजून बस्ती दिले. चार महिन्यांनी पीएसए तपासला, तेव्हा रोग अस्थींपर्यंत पोहोचला होता.

या ग्रंथीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनवर पोसल्या जातात. वृषण काढल्यास कर्करोगाचा जोर ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु प्रगत अवस्थेत बहुधा काही काळाने रोग पुन्हा उचल खातो. त्यामागील एक कारण म्हणजे वृद्धिघटक, अर्थात ग्रोथ फॅक्टर. ही प्रथिने पेशीवरील ग्राहकांना चिकटतात आणि पेशीला विभाजनाचा व तग धरण्याचा संकेत पोहोचतो. या संकेताला लगाम घालणारे पीटेन हे प्रथिन अनेक रुग्णांत लोप पावलेले असते.

अस्थी तर वृद्धिघटकांचे कोठारच. तेथे आयजीएफ व टीजीएफ-बीटा साठलेले असतात. कर्कपेशी अस्थींची झीज व घडण बिघडवितात. त्यातून मोकळे झालेले घटक पुन्हा कर्कपेशींनाच पोसतात. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडलेला बीज-भूमीचा विचार, ऋतु-क्षेत्र-अंबु-बीज मानणाऱ्या आपणांस परका नाही.

म्हणून लक्षणे शमली म्हणजे रोग शमला, असे समजू नये. वृद्ध पुरुषास मूत्रकष्टासह नवीन कटिशूल, अस्थिशूल किंवा वजनात घट आढळल्यास पीएसए व गुदपरीक्षण अवश्य करावे. सौम्य वृद्धी व संसर्गातही पीएसए वाढतो. निदान बायोप्सीनेच निश्चित होते. पायांत बळ कमी झाल्यास किंवा मूत्र पूर्ण अडल्यास त्याच दिवशी नांदेड अथवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे.

औषधी विक्रेत्यांनीही एक पथ्य पाळावे. अश्वगंधेने टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे काही लहान चाचण्यांत नोंदले आहे. हार्मोनरोधक उपचार चालू असलेल्या रुग्णास वाजीकर कल्प वैद्याला विचारल्याविना देऊ नयेत.

आपली चिकित्सा बल, अग्नी व निद्रा सांभाळू शकते. ते कार्य मोठेच आहे. मात्र ते निदानानंतरचे आहे.