घरगुती छायाचित्रांसाठी लहान डिजिटल कॅमेरा : निवड व वापर

१. प्रास्ताविक

घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तली म्हणजे तिच्या छायाचित्राचा शोध सुरू होतो. पुष्कळदा एखाद्या लग्नातील समूहचित्रात, मागल्या ओळीत उभी असलेली तिची अस्पष्ट आकृती तेवढी सापडते. तीच कापून मोठी करावी लागते, आणि भिंतीवर लागलेला तो चेहरा नातवंडांना ओळखूही येत नाही.

पूर्वी याचे कारण साधनांची दुर्मिळता हे होते. आपल्या देशात तयार होणारा ‘आग्फा क्लिक ३’ हा साधा कॅमेरा ज्या घरी असे, तेथेही १२० क्रमांकाच्या एका फिल्मवर अवघी १२ चित्रे निघत. म्हणून प्रत्येक चित्र विचारपूर्वक घेतले जाई. आज एका लहानशा कार्डावर काही हजार चित्रे मावतात. तरीही वर सांगितलेला प्रसंग टळलेला नाही. यावरून असे दिसते की उणीव साधनाची नसून चित्र घेण्यातील व जपण्यातील काळजीची आहे.

गावात वस्तू विकत घ्यावयाची झाल्यास लोक शिक्षकाचा सल्ला विचारतात. शिवाय शिक्षकास स्वतःचे घर व स्वतःची शाळा आहेच. यास्तव या विषयाची थोडी व्यवस्थित माहिती त्याच्याजवळ असणे इष्ट आहे.

२. कॅमेऱ्याची निवड

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की ज्याच्याजवळ चांगला मोबाइल आहे, त्याने केवळ हौसेखातर वेगळा कॅमेरा घेण्याचे कारण नाही. वेगळ्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, दूरच्या वस्तूचे स्पष्ट चित्र हवे असते तेथे. उदाहरणार्थ, स्नेहसंमेलनातील रंगमंच. दुसरे, मोबाइल कमावत्या माणसाबरोबर दिवसभर बाहेर जातो अशा घरात. तेथे फडताळात ठेवलेला लहान कॅमेरा घरातील स्त्रिया व मुले यांच्या हाताशी राहतो.

(अ) बिंदूंची संख्या. डिजिटल चित्र हे लहान लहान बिंदूंचे बनलेले असते. दहा लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. दुकानदार याच आकड्यावर भर देतो. परंतु त्याचा हिशेब आपण स्वतः करून पाहावा. चांगल्या छपाईस प्रत्येक इंचात ३०० बिंदू धरतात. मग ६ इंच लांब व ४ इंच रुंद प्रतीसाठी १८०० × १२०० म्हणजे २१,६०,००० बिंदू लागतात. १० × ८ इंचांच्या, भिंतीवर लावावयाच्या प्रतीसाठी ३००० × २४०० म्हणजे ७२,००,००० बिंदू पुरतात. सारांश, १० मेगापिक्सेलचा कॅमेरा घरगुती कामास पुरेसा आहे. केवळ अधिक आकड्यासाठी अधिक पैसे देऊ नयेत.

(आ) प्रकाशग्राहक पट्टिका. हिला सेन्सर म्हणतात. खरा फरक पडतो तो हिच्या आकारामुळे. पावसात अंगणात एक वाटी व एक परात ठेवली, तर परातीत अधिक पाणी साठते. तसेच मोठ्या पट्टिकेवर अधिक प्रकाश पडतो. बहुसंख्य स्वस्त लहान कॅमेऱ्यांतील पट्टिका सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे अदमासे २८ चौरस मिलिमीटरची असते. ‘एक इंची’ या नावाने ओळखली जाणारी पट्टिका प्रत्यक्षात १३.२ × ८.८, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरची असते. (ती इंचभर नसते, हे ध्यानात यावे.) क्षेत्रफळ चौपट झाल्याने घरातील मंद उजेडातही चित्र कमी खरखरीत येते. ऐपत असल्यास पैसे येथे खर्चावेत.

(इ) झूम. ‘ऑप्टिकल’ झूम भिंगे सरकवून दूरची वस्तू मोठी करते. ‘डिजिटल’ झूम घेतलेल्याच चित्राचा तुकडा कापून ताणते. पहिला आकडा पाहावा, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

(ई) जुना कॅमेरा घेताना. मोबाइलच्या प्रसारामुळे साध्या लहान कॅमेऱ्यांचे अनेक प्रकार निघेनासे झाले, तेव्हा पुष्कळांना वापरलेलाच कॅमेरा घ्यावा लागतो. त्याची बॅटरी आज मिळते काय व त्यास कोणते कार्ड लागते, हे आधी विचारावे. ऑलिंपस व फूजीफिल्म यांच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना ‘एक्सडी’ नावाचे कार्ड लागे. ते आता सहज मिळत नाही. ‘एसडी’ कार्ड घेणारा कॅमेरा सोयीचा. दुकानातच चार चित्रे घेऊन पाहावीत व भिंगावर ओरखडा वा बुरशी नाही याची खात्री करावी.

३. चित्र घेण्याची रीत

प्रकाश. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळी सावली पडते आणि झाडाखाली चेहऱ्यावर कवडसे उमटतात. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हाच्या वेळी ओसरीवर, दाराकडे तोंड करून बसलेल्या व्यक्तीचे चित्र सर्वांत चांगले येते. उजेड घेणाऱ्याच्या पाठीकडून किंवा बाजूकडून यावा. समोरून आल्यास चेहरा काळा पडतो.

फ्लॅश. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारणतः तीन मीटरपर्यंतच पोचतो. संमेलनात दहाव्या रांगेतून त्याचा लखलखाट केल्याने केवळ पुढील प्रेक्षकांची डोकी उजळतात. अंधारात बाहुली विस्फारलेली असते. फ्लॅशचा प्रकाश तिच्यातून आत जाऊन डोळ्याच्या आतील पडद्यावरून परततो, म्हणून डोळे लाल दिसतात.

स्थैर्य. कोपरे बरगड्यांशी टेकवावीत. बटण प्रथम अर्धे दाबून क्षणभर थांबावे. तेवढ्यात कॅमेरा अंतर जुळवून घेतो. मग श्वास रोखून ते हलकेच पूर्ण दाबावे. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने सेकंदाच्या १/६० भागात बसलेल्या माणसाचे चित्र ठीक येते. धावत्या मुलासाठी मात्र १/२५० किंवा त्याहून कमी अवधी हवा, आणि तो भरपूर उजेडातच साधतो.

अंतर व उंची. मुलाचे चित्र घेताना गुडघे टेकून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे. चेहऱ्याचे चित्र फार जवळून घेतल्यास नाक मोठे दिसते. दीड-दोन मीटरवर उभे राहून थोडा झूम करावा. पाठीमागे डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसत नाही ना, हेही पाहावे.

विषय. ‘सरळ उभे राहा’ असे म्हटले की माणूस ताठरतो व त्याचे माणूसपण लोपते. आजी भाकरी थापताना, वडील बैलांना पाणी दाखवताना, बहीण अभ्यास करताना, ही चित्रे पुढे मोलाची ठरतात. आणखी एक गोष्ट : जी व्यक्ती कॅमेरा धरते ती, आणि जी सदैव स्वयंपाकघरात असते ती, अशा दोघी कोणत्याच चित्रात नसतात. दहा सेकंदांचा स्वयंचलित बटणाचा उपाय यासाठीच आहे.

४. चित्रे जपण्याची रीत

येथे एक स्वानुभव नमूद करणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाने आपल्या मातोश्रींच्या अखेरच्या दिवाळीची चित्रे एकाच कार्डावर ठेवली होती. ते कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यात घातले असता पडद्यावर ‘फॉर्मॅट’ची सूचना आली, आणि ती न वाचता होकार दिला गेला. त्याही स्थितीत चित्रे परत मिळण्याचा संभव होता. परंतु त्याच कार्डावर एका कार्यक्रमाची नवी चित्रे घेतली गेली व तोही मार्ग बंद झाला. आज आमच्या घरी त्या दिवाळीचे एकच चित्र आहे. आपल्या बहिणीला धाडावयाचे म्हणून आईने हट्टाने छापून घेतले होते, ते. ते मावशीकडून परत मागून आणावे लागले.

यावरून पुढील नियम आखावेत.

१) चित्रे दर महिन्यास कार्डावरून उतरवून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावीत.
२) चुकून चित्रे पुसली गेल्यास ते कार्ड तत्काळ बाजूस ठेवावे व जाणकारास दाखवावे.
३) जुन्या फिल्मची शिस्त आठवून वर्षातून उत्तम अशी १२ चित्रे निवडावीत व छापून घ्यावीत.
४) अल्बमच्या पानावर चित्राखाली नावे, नाते, गाव व दिनांक लिहावा. छापील प्रतीच्या मागे बॉलपेनने दाबून लिहिल्यास पुढे वळ उमटतात.
५) कॅमेऱ्यातील दिनांक अचूक लावून ठेवावा.

५. शाळेतील उपयोजन

बिंदूंचा हिशेब हा क्षेत्रफळाच्या पाठास जिवंत उदाहरण पुरवतो. चौकटीच्या कागदावर ८ × ८ चौकोनांत मुलांना चेहरा रंगवावयास सांगावे, नंतर तोच १६ × १६ मध्ये. चौकोन वाढले की चेहरा कसा ओळखू येऊ लागतो, हे त्यांना न सांगता उमगेल. भाषेच्या तासाला घरातील एका छायाचित्रातील माणसांची माहिती आजीआजोबांना विचारून लिहून आणण्यास सांगावे. ज्या घरी एकही चित्र नसेल, तेथे शिक्षकाने पालकांच्या संमतीने एक घ्यावे व छापून द्यावे. मुलांची चित्रे पालकांच्या अनुमतीवाचून मोबाइलच्या समूहांत पसरवू नयेत.

६. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१) १२ × ८ इंचांच्या प्रतीस किती बिंदू लागतील?
२) आपल्या शाळेच्या ओसरीवर कोणत्या वेळी प्रकाश सर्वांत अनुकूल असतो? आठवडाभर पाहून नोंद करा.
३) आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीचे, चेहरा स्पष्ट दिसणारे छापील चित्र आपल्याजवळ आहे काय? नसल्यास ते पुढील सभेपूर्वी घ्यावे.