नळीचे वय मैलांत मोजू नये

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या नळ्यांवर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु वर्गात आपण घसारा शिकतो तो बहुधा यंत्रांचाच. मग एकदा यंत्राकडे वाकून पाहण्यास हरकत नसावी. प्रस्तुत लेखात १९६५ सालच्या फोर्ड मस्टँग या अमेरिकन मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगच्या नळ्या केव्हा व कशा बदलाव्यात, याचा विचार केला आहे.

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग मोटारीत बसवून दाखविले. विक्रीच्या मोटारीत ते येण्यास मात्र १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल गाडीत ते दिले. मस्टँग १९६४ च्या एप्रिलमध्ये बाजारात आली. तिच्यात ही सोय जादा पैसे देणाऱ्यास मिळत असे.

रचना

इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेल दाबाने एका झडपेकडे पाठवितो. चालकाने चाक वळविले की झडप त्या बाजूस सरकते आणि तेल एका सिलिंडरमध्ये शिरते. हा सिलिंडर पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यास ढकलतो. यासाठी चार नळ्या लागतात: पंपाकडून झडपेकडे जाणारी दाबाची नळी, झडपेकडून पंपाकडे येणारी परतीची नळी, आणि झडप व सिलिंडर यांमधील दोन नळ्या. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास तीसएक पौंड असतो. दाबाच्या नळीत तो शेकडो पौंडांवर जातो. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सामान तयार होते, त्यामुळे साधी रबरी नळी येथे का चालत नाही, हे आपल्याकडे अनेकांना सांगावे लागणार नाही.

नळी फुटली तरी चाकांची यांत्रिक जोडणी तुटत नाही, गाडी वळते. पण स्टिअरिंग एकाएकी जड होते. ऐन वळणावर हे घडल्यास काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. शिवाय उडालेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास आग लागू शकते, आणि तेलावाचून फिरणारा पंप निकामी होतो तो वेगळाच.

कृती

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड झाल्यावर पुढचा भाग जॅकने उचलावा आणि भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. खाली परात ठेवावी. कोणती नळी कोठे जाते याचे कागदावर चित्र काढून प्रत्येकीस चिठ्ठी बांधावी. सिलिंडरच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली, तर इंजिन सुरू होताच स्टिअरिंग आपोआप एका टोकाला धाव घेते.

नट सोडविण्यास फ्लेअर नटचा पाना वापरावा. साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात. नवी नळी बसविताना आटे प्रथम बोटांनी धरवावेत, मग पाना लावावा. नळीला पीळ पडू देऊ नये. चाके दोन्ही टोकांपर्यंत वळवून नळी टायरला वा एक्झॉस्टला लागत नाही ना, हे पाहावे.

या गाडीस फोर्डचे ‘टाइप एफ’ तेल लागते. ते भरून, चाके अधांतरी असतानाच आणि इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे व कमी पडलेले तेल घालावे. मग इंजिन सुरू करून तेच करावे. मात्र टोकाला चाक दाबून धरू नये. तेलात फेस दिसत असेल तोवर आत हवा आहे, असे समजावे. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाची बारीक धार कातडीत शिरू शकते.

हिशेब

आता मूळ प्रश्न: नळी बदलावी केव्हा? जुन्या गाडीचे मालक अभिमानाने सांगतात की, गाडी फारशी चाललेलीच नाही. हे म्हणणे उत्पादनाच्या एककांवर घसारा काढण्यासारखे आहे. पंपाला ते बरेचसे लागू पडेल. रबराला पडत नाही. उष्णता, हवा आणि तेल यांनी रबर उभ्या गाडीतही कडक होते, त्याला चिरा जातात. त्याचा घसारा काळाप्रमाणे, म्हणजे स्थिर हप्ता पद्धतीने धरला पाहिजे. म्हणून एक नळी गळू लागली की तिच्याच वयाच्या उरलेल्या तिन्ही बदलाव्यात.

हाच न्याय दुकानातील मालालाही लागू आहे. मूळ कंपनीची जुनी, डबाबंद नळी मिळाली की हौशी लोकांना आनंद होतो. परंतु रबर डब्यातही म्हातारे होते. पुष्कळ नळ्यांवर निर्मितीचे साल छापलेले असते. किमतीआधी ते वाचावे.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार, मालमत्तेच्या एखाद्या भागाची किंमत लक्षणीय आणि आयुष्य वेगळे असेल, तर त्याचा घसारा वेगळा काढावा लागतो. नळीचे आयुष्य वेगळे आहे, पण किंमत लक्षणीय नाही. म्हणून हिशेबाच्या वहीत तिला स्वतंत्र जागा मिळत नाही आणि तिचा खर्च दुरुस्ती म्हणून महसुली खात्यात जातो. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र वहीत क्षुल्लक ठरलेली वस्तू रस्त्यावरही क्षुल्लक असते असे नाही. मालकाने निदान आपल्या डायरीत तिच्यासाठी एक ओळ राखावी, आणि त्या ओळीत मैल न लिहिता साल लिहावे.

— बी. कॉम. द्वितीय वर्ष