मुका ध्वनिक्षेपक

पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका जुन्या घरात त्या सायंकाळी मोठा पेच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आजोबांचे वर्षश्राद्ध होते. त्यांनी म्हटलेल्या हरिपाठाची एक जुनी ध्वनिफीत घरात होती. ती झिजत चालली, म्हणून सातवीत शिकणाऱ्या नातीने तो आवाज संगणकात उतरवून घेतला होता. आजीची दृष्टी काचबिंदूने अधू झालेली. “उद्या पहाटे यांचा आवाज मला ऐकव हो, बाळ,” एवढेच तिचे मागणे होते.

नातीचा संगणक तळहातावर मावेल एवढा होता. त्याचे नाव रास्पबेरी पाय. मुलांनी संगणकाशी खेळता खेळता त्याला आज्ञा देण्यास शिकावे, या हेतूने इंग्लंडातील केंब्रिज येथे तो घडविण्यात आला व २०१२ च्या फेब्रुवारीत प्रथम विक्रीस आला. २०२३ साली निघालेल्या त्याच्या पाचव्या अवतारात कानाला लावावयाच्या यंत्राचे भोकच ठेवलेले नाही. नातीजवळ नेमका हाच होता. म्हणून दादाने बुधवार पेठेतील तापकीर गल्लीतून एक लहानसा बिनतारी ध्वनिक्षेपक आणून दिला. तो काही केल्या बोलेना!

अशा वेळी हाताला येईल ती कळ दाबत सुटणे हा मनुष्यस्वभाव आहे. नातही प्रथम तेच करून बसली. अर्धा तास गेल्यावर तिने वही उघडली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची व जे घडेल ते लिहावयाचे, असे ठरविले.

प्रथम अंतर पाहिले. दोन्ही वस्तू एकाच मेजावर असूनही संगणकाला ध्वनिक्षेपक क्षणभर दिसे आणि पुन्हा नाहीसा होई. असे का व्हावे? ब्लूटूथ या पद्धतीत रेडिओलहरींवरून निरोप जातात. त्यांची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २४० कोटी असते. या पट्ट्याचे ७९ अरुंद भाग पाडलेले असून, दोन्ही यंत्रे ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा एका भागावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. एका भागात गोंगाट असला तरी पुढच्यात निरोप पोहोचावा, अशी ही युक्ती आहे. परंतु धातूच्या भिंतीपुढे या लहरींचे काही चालत नाही. आणि नातीने संगणक ठेवला होता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात! आत पुठ्ठा लावून तिने तो मोठ्या हौसेने सजविला होता. डबा दूर होताच ध्वनिक्षेपक स्थिर दिसू लागला.

(अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी याहून कितीतरी क्षीण असतात. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर, नारायणगावाजवळील खोडद येथे, त्या टिपणाऱ्या महादुर्बिणीचा परिसर आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे उभारताना माणसांच्या यंत्रांचा गोंगाट कमी असलेली जागा मुद्दाम शोधावी लागली.)

आता ध्वनिक्षेपक दिसला, पण जोडला जाईना. माजघरातून मात्र एकाएकी क्रिकेटचे समालोचन सुरू झाले, आणि ते या ध्वनिक्षेपकातून! सकाळी दादाने तो स्वतःच्या फोनला जोडून पाहिला होता. असा ध्वनिक्षेपक पुष्कळदा जुन्या ओळखीच्या यंत्राकडे आपण होऊन धाव घेतो. दादाने फोनची ब्लूटूथ जोडणी बंद केली.

तरीही यश नाही. ओळख होई, पण जोडणी क्षणात तुटे. आतापर्यंत नातीने पडद्यावरची इंग्रजी ओळ न वाचताच पुसली होती. या खेपेस तिने ती वहीत उतरवून दादाबरोबर वाचली. या जोडणीस लागणारी सोय उपलब्ध नाही, असा तिचा अर्थ होता. संगणक बिचारा मघापासून खरे तेच सांगत होता!

जागा वाचावी म्हणून नातीने त्यात मूळ प्रणालीची आटोपशीर आवृत्ती घातली होती. ध्वनीची वाटचाल सांभाळणारी ‘पाइपवायर’ नावाची आज्ञावली आणि तिचा ब्लूटूथचा भाग तीत नव्हता. म्हणजे दारापर्यंत पाहुणा येई, परंतु त्याला आत घेण्यास घरात कोणी नसे. दोन्ही भाग आणवून नातीने संगणक पुन्हा सुरू केला. मग क्रमाने तीन आज्ञा दिल्या : ओळख करून घे, विश्वास ठेव, जोड. मधली आज्ञा अनेक जण गाळतात. मग ध्वनिक्षेपक बंद करून पुन्हा चालू केला की तो आपोआप जोडला जाईल याचा भरवसा राहत नाही. नातीने तो मुद्दाम दोनदा बंद करून पाहिला, तेव्हा कोठे वही मिटली. रात्रीचे दहा वाजून गेले होते.

पहाटे देवघरात समई लावली. आजोबांचा खर्जातला आवाज खोलीत भरला. तिसऱ्या अभंगाच्या मध्येच त्यांना ठसका लागला, आणि नात हळूच म्हणाली, “आजी, तेवढा भाग मी काढून टाकीन हं.”

“नको गं,” आजी डोळे मिटूनच म्हणाली, “तो राहू दे.”