घरून मतदान बंद झाले का?

प्रश्न : माझ्या मामांनी वयाच्या 81व्या वर्षी, 2023च्या चिंचवड पोटनिवडणुकीत घरूनच मत दिले. माझे वडील 82 वर्षांचे आहेत, पण आता ही सोय काढून घेतल्याचे ऐकतो. खरे काय? – एक वाचक, पेठ (ता. आंबेगाव)

उत्तर : सोय बंद झालेली नाही, वयाची अट वाढली आहे. 1 मार्च 2024च्या नियमदुरुस्तीने ती 80 वरून 85 झाली. वडिलांचा मतदानाचा हक्क मात्र कायम आहे.

वडिलांकडे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर वयाची अट लागत नाही. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना 12-ड भरून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) द्या. मतदार यादीतील वय चुकले असेल, तर नमुना 8 भरून आधीच दुरुस्त करून घ्या.

प्रमाणपत्र नसल्यास केंद्रावर जावे लागेल. व्हीलचेअरसाठी बीएलओला आधी सांगून ठेवा. दृष्टी किंवा शरीर साथ देत नसेल, तर केंद्राध्यक्षांच्या परवानगीने 18 वर्षांवरील सोबती मदत करू शकतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 12-ड मंजूर झाल्यावर केंद्रावर मत देता येत नाही, म्हणून मत घ्यायला पथक येईल त्या दिवशी घरीच थांबा. शिवाय ही तरतूद लोकसभा-विधानसभेची आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेला ती गृहीत धरू नका. शंका असल्यास मतदार हेल्पलाइन 1950 वर विचारा.