कार्बन फायबरच्या शीटवर आखणी कशी करावी? (मापन व भूमितीचा प्रत्यक्ष उपयोग)



"मध्यबिंदू, काटकोन, कर्ण हे सगळं शिकून पुढे करायचं काय?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात कधी ना कधी येतोच. आज त्याचं एक उत्तर पाहू. शेतात फवारणी करणारा ड्रोन तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याचे काळे, हलके हात बहुतेक वेळा कार्बन फायबरचे असतात. अशा शीटमधून आपल्याला हवा तो भाग कापायचा असेल, तर आधी त्यावर आखणी करावी लागते. ही आखणी कशी करतात, ते आजच्या पाठात शिकूया.

कार्बन फायबर म्हणजे काय?

कार्बनचे अतिशय बारीक तंतू असतात, साधारण ५ ते १० मायक्रोमीटर जाडीचे. आपला केसही त्यापेक्षा कितीतरी जाड असतो. या तंतूंचं कापड विणतात, त्याचे थर एकावर एक ठेवतात आणि इपॉक्सी नावाच्या चिकट द्रव्याने ते घट्ट बसवतात. वाळून कडक झालं की शीट तयार!

३०० मिमी लांब, २०० मिमी रुंद आणि २ मिमी जाड तुकडा घेतला, तर त्याचं घनफळ १२० घनसेंमी येतं. आता वजन बघा (अंदाजे):

- कार्बन फायबर : १९२ ग्रॅम
- अ‍ॅल्युमिनियम : ३२४ ग्रॅम
- पोलाद : ९४२ ग्रॅम

म्हणूनच उडणाऱ्या वस्तूंसाठी ही शीट वापरतात.

आखणीला एवढं महत्त्व का?

पत्रा थोडा चुकला तर वाकवता येतो, लोखंडाला वेल्डिंग करता येतं. कार्बन फायबरचं तसं नाही. एकदा कापलं की ते पुन्हा पहिल्यासारखं जोडता येत नाही. शीट महाग असते, हे तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कापताना उडणारी बारीक धूळ. ती श्वासावाटे आत जाणं घातक असतं. आखणी चुकली की पुन्हा कापावं लागतं, म्हणजे पुन्हा धूळ. त्यामुळे नीट आखणी म्हणजे पैशांची बचत आणि आरोग्याचीही काळजी.

आखणीच्या पायऱ्या

१. धाग्यांची दिशा ओळखा. शिंपीकाका कापड कापण्याआधी उभा धागा, आडवा धागा बघतात ना? इथेही तेच करायचं. पुष्कळ शीटवर तिरप्या रेघा दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, धागे तिरपे आहेत. पण ते खरं नाही! 'दोन वर, दोन खाली' अशा विणीमुळे तिरप्या रेघांचा भास होतो. प्रत्यक्षात धागे उभे आणि आडवेच असतात. शीटला ताकद मिळते ती धाग्यांच्या दिशेने. म्हणून लांब पट्टी कापायची असेल तर तिची लांबी धाग्याला समांतर ठेवा. तिरपी कापली तर ती लवकर वाकेल.

२. काळ्यावर काळं दिसत नाही. शीट काळी आणि गुळगुळीत असते, पेन्सिलची रेघ दिसतच नाही. टोकदार वस्तूने ओरखडा काढला तर तो कायमचा राहतो. सोपा उपाय म्हणजे शीटवर कागदी मास्किंग टेप चिकटवा आणि टोक काढलेल्या पेन्सिलने त्यावर आखा. टेपमुळे कापताना कडेचे तंतूही कमी उसवतात.

३. पायाभूत रेघ ठरवा. शीटची कड सरळ असेलच असं नाही. गुण्या लावून एक सरळ रेघ आणि तिच्याशी काटकोनात दुसरी रेघ काढा. काटकोन तपासायचा? एका रेघेवर ६० मिमी, दुसरीवर ८० मिमी मोजा. दोन्ही टोकांमधलं अंतर बरोबर १०० मिमी आलं तर काटकोन बरोबर. हाच आपला पायथागोरसचा सिद्धांत! पुढची सगळी मापं याच दोन रेघांपासून घ्या. एका खुणेपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी असं मोजत गेलात, तर प्रत्येक वेळची थोडी थोडी चूक वाढत जाते.

४. पात्याची जाडी धरा. २०० मिमी रुंद शीटमधून ५० मिमीच्या ४ पट्ट्या निघतील का? वहीत निघतात, प्रत्यक्षात नाही. पात्याने १ मिमीची खाच पडत असेल तर ३ पट्ट्या आणि ३ खाचा मिळून १५३ मिमी जातात. उरतात फक्त ४७ मिमी. म्हणून दोन भागांमध्ये खाचेची जागा सोडा आणि टाकाऊ बाजूला फुली मारा. पातं नेहमी फुलीच्या बाजूने चालवायचं, रेघेवरून नाही.

५. छिद्रांच्या खुणा. छोट्या ड्रोनच्या मधल्या इलेक्ट्रॉनिक पाटीला बहुधा चार छिद्रं असतात आणि त्यांची एकमेकांपासूनची अंतरं ३०.५ मिमी असतात. मध्यरेघेपासून मोजायचं तर १५.२५ मिमी! साध्या पट्टीवर एवढं बारीक माप घेता येत नाही. अशा वेळी संगणकावर खऱ्या मापाची आकृती काढून छापतात आणि टेपवर चिकटवतात. छापताना मापाचं प्रमाण १०० टक्के ठेवा. कागदावर १०० मिमीची एक रेघही छापा आणि ती आधी पट्टीने मोजून बघा. चारही खुणा झाल्या की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, साधारण ४३.१ मिमी, आले पाहिजेत. छिद्राच्या मध्यावर पिनने हलकी टोच पुरे, हातोडीने ठोकू नये, आतले थर सुटू शकतात.

हे विसरू नका

प्रत्यक्ष कापणं हे मुलांचं काम नाही. ते जाणकार मोठ्या माणसानेच करावं. त्यांनीही एन-९५ मास्क, चष्मा व हातमोजे घालावेत, कापताना पाणी वापरावं, धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ही धूळ वीजवाहक असते, म्हणून जवळ संगणक किंवा उघडं सर्किट ठेवू नये. वर्गात आपण हाच सराव काळ्या कार्डशीटवर करायचा. आखणीचे नियम अगदी तेच!

स्वाध्याय

१. ३०० मिमी रुंद शीटमधून ४५ मिमीच्या किती पट्ट्या निघतील? खाच १.५ मिमी धरा.
२. काटकोन तपासताना ९० मिमी आणि १२० मिमी मोजले, तर टोकांमधलं अंतर किती यायला हवं?
३. शीटवर तिरप्या रेघा दिसत असूनही धागे तिरपे नसतात. का ते आकृती काढून सांगा.
४. काळ्या कार्डशीटवर ६० मिमी बाजूचा चौरस आखा. त्याच्या मध्याभोवती ३० मिमी अंतरावर चार छिद्रांच्या खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहा.